कापसाच्या भावापायी सोडलेले वांगे

आज शके १७८७, कार्तिक वद्य तृतीया, सोमवार. दिवाणखान्यातल्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली, तेव्हा मी ओसरीच्या खांबाआड उभा राहून हा कागद सातव्यांदा वाचत होतो. आणि आता साडेचार वाजता तोच कागद हातात धरून आपल्यापुढे उभा आहे. वेळ आधीच सांगून टाकली, कारण भगवंत दिवेलागणीपर्यंत बोलत राहिला असे मागाहून कोणी म्हणू नये.

सभेचे अध्यक्ष आणि आपल्या कापूसपेठेचे वडीलधारे आदरणीय महादेवराव. आजच्या समारंभाचे यजमान, माझे चुलते, ज्यांनी मला माझ्या वडिलांमागे पोटच्या पोरासारखे वाढवले ते परमपूज्य खुशालराव. जाजमावर वरच्या अंगाला बसलेले माझे चुलतबंधू उत्तमराव. वलगावाहून गाड्या जुंपून आलेली शेतकरी मंडळी. पेठेतले दलाल आणि मापारी. आणि माजघराच्या दाराआड बसलेल्या, ज्या दिसत नाहीत पण ज्यांच्या बांगड्या सभेला ऐकू येत आहेत अशा आजी, काकू आणि समस्त मातामाउली, या सर्वांना माझा नमस्कार.

असा समारंभ आपल्या पेठेत याआधी कोणी पाहिलेला नाही. गेल्या चैत्रात कचेरीतल्या साहेबाची बदली झाली, तेव्हा काकांना त्यांच्या निरोपाला बोलावणे होते. तिथे एक खुर्ची, एक हार, एक गुच्छ आणि चार भाषणे, असा बेत काकांनी डोळ्यांनी पाहिला. घरी येऊन ते म्हणाले की साहेबाला निरोप देता येतो तर आपल्या पुतण्याला काहून देता येणार नाही? त्याप्रमाणे आज अध्यक्षांसाठी खुर्ची आणली आहे. ती कचेरीतून मागून आणलेली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. तिचा मागचा डावा पाय थोडा आखूड आहे, म्हणून अध्यक्षांनी उजव्या अंगावर भार ठेवावा, अशी विनंती.

उद्या सकाळी मी अकोल्याला जात आहे. तिथे रुईच्या गाठी बांधण्याच्या एका कारखान्यात तोल लिहिण्याचे काम मला मिळाले आहे. मी मराठी शाळेत तिसऱ्या पुस्तकापर्यंत शिकलो, पुढे शिकायचे राहिले. पण आकडा लिहिताना माझी चूक होत नाही. बोलताना होते, हे आपण पाहतच आहात.

आता एक गोष्ट मला लगेच सांगायला हवी, नाहीतर माझे पुढचे बोलणे कशासाठी चालले आहे हे आपल्याला कळणार नाही. मी उद्या एकटा जायचे की माझ्या कुटुंबाला बरोबर न्यायचे, हे अजून ठरलेले नाही. म्हणजे घरात ठरलेले आहे. मी दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा मोठ्यांनी ठरवले की मी जावे आणि माझ्या कुटुंबाने, म्हणजे या घरच्या एकुलत्या एक सुनेने, इथेच राहावे, कारण ती गेली तर घर उपाशी राहील. पण मघाशी माझ्या गळ्यात हार घालताना काका आपल्या सर्वांसमोर काय म्हणाले, ते आपण ऐकले आहे. मी त्यांचेच शब्द म्हणतो:

"भगवंता, माग. घड्याळ माग, छत्री माग, खोंड माग. या खुशालरावानं चार माणसांत देल्ला शबुद आजवर मागं घेतला नाई."

काका, मी मागणार आहे. पण भाषणाच्या शेवटी. मागण्याआधी माणसाने उपकार आठवावेत, असे आपणच मला शिकवले आहे. म्हणून मी आधी या घरच्या अन्नाचे उपकार आठवतो.

मंडळी, या घरचे अन्न साधे नव्हे. आपण पेठेतून जाता-येता आमच्या घरातून चार-पाच धूर निघताना पाहिले असतील. पाहुणे विचारतात की घरात एवढ्या कोणत्या पंगती उठतात? पंगत एकच, आणि तिला जेवणारी माणसे पाच. पण या पाचांत कोणी कोणाच्या हंडीतले खात नाही. हे असे का झाले, याचे कारण वलगावच्या मंडळींना थोडे माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची चंपाषष्ठी. आमच्या माणिकआजीने रिवाजाप्रमाणे चातुर्मासात वांगे सोडले होते. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला की वांगे पुन्हा खाता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. नैवेद्य झाला. आजीच्या ताटात भरीत पडले. वरून कांद्याची पात, वर तेलाची धार. आजीने घास उचलला, आणि तेवढ्यात बाहेरून दलाल ओरडत आला की मुंबईत भाव चढला. थोडाथोडका नाही, एका आठवड्यात दीडपट. काका उठले, त्यांनी आजीचा हात मनगटापाशी धरला आणि म्हणाले, "माय, थांब. तुह्या वांगं सोडण्यानंच चढला असन. आजचा दिवस धरू नको."

तो आजचा दिवस अजून संपलेला नाही.

भाव का चढला होता, हे पुढे मुंबईच्या एका आडतदाराने काकांना समजावून सांगितले. अमेरिका म्हणून मुलूख आहे. तिथे कापूस पिकतो, आणि तिथल्या घरात फूट पडली. एका भावाला वेगळी चूल मांडायची होती, दुसरा म्हणत होता मांडू देणार नाही. त्यावरून लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या आपल्या वऱ्हाडाकडे पाहू लागल्या. काकांनी हे सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले की ही लढाई नेमकी कोणत्या महिन्यात सुरू झाली. आडतदाराने काहीतरी सांगितले. काका म्हणाले, "म्हंजे आषाढाच्या आसपासच. आमच्या मायनं वांगं आषाढातच सोडलं व्हतं." आडतदार मुंबईचा माणूस, आणि त्याला आमचा कापूस घ्यायचा होता. त्याने मान हलवली.

आजीच्या एका वांग्याने एवढे झाले, तर बाकीच्यांनी हात बांधून बसायचे कसे? पुढच्या पौर्णिमेला काकांनी लसूण सोडला. भाव चढला. मग पार्वताकाकूने तुरीचे वरण सोडले. वऱ्हाडातल्या माणसाने तुरीचे वरण सोडणे म्हणजे काय, हे मी आपल्याला सांगायला नको. पेठेत त्या दिवशी लोक चौकात थांबून बोलत होते. भाव पुन्हा चढला. मग उत्तमदादा मुंबईला जाऊन आले आणि त्यांनी ज्वारी सोडली. गव्हाची पोळी आणि तूप यांवर ते निर्वाह करू लागले. घरासाठी माणसाने किती सोसावे, याचे ते उदाहरण म्हणून सांगितले जाऊ लागले.

राहिली मिरची. मिरची सोडायला कोणी तयार होईना. काका म्हणाले की मिरची सोडली तर भाव आभाळाला टेकेल; पण त्यांचा स्वतःचा लसूण आधीच गेला होता, आणि एका माणसाने दोन गोष्टी सोडल्या तर देवाला हावरेपणा वाटेल. तेव्हा घरातल्या सर्वांत धाकट्या पुरुषाचे नाव निघाले. तो पुरुष मी. मंडळी, तीन वर्षे मी बिनमिरचीची भाजी जेवतो आहे. माझा आवाज असा बारीक का, हे काहींना आता समजले असेल.

नवस फेडायचा असतो, हे खरे. पण आमच्या घरचा नवस न फिटणारा निघाला. भाव चढला म्हणून सोडलेले धरावे, तर भाव पडेल ही भीती. त्यामुळे सोडलेले ते सुटलेलेच राहिले, आणि त्याच्या भोवती नियम वाढले. ज्या विळीवर वांगे चिरले तिच्यावर आजीचा दोडका चिरायचा नाही. ज्या फोडणीत लसूण पडला तिचा धूर काकांच्या हंडीवरून जायचा नाही. तुरीच्या डाळीची पळी मुगाच्या वरणात बुडाली तर ते वरण गाईला. ज्वारीचे पीठ उडून गव्हाच्या परातीत पडले तर ती परात पुन्हा घासायची. आधी एक चूल होती, तिच्या चार झाल्या.

आणि या सगळ्यात स्वयंपाक करणारी एकच. आमच्या घरच्या सुनेचे नाव मी सभेत घेऊ शकत नाही, ते रीतीला धरून नाही. पण काकू दिवसातून शंभर वेळा माजघरातून "वच्छे, ओ वच्छे" अशी हाक मारतात, तेव्हा ते पेठेला माहीतच आहे. तिने काय केले, तर कापसाच्या पेळूचे सूत काढून ते पाच रंगांत रंगवले, आणि प्रत्येकाच्या हंडीला, पळीला आणि ताटाला त्याच्या रंगाचा दोरा बांधला. आजीचा जांभळा, काकांचा पांढरा, काकूचा पिवळा, उत्तमदादांचा हिरवा, माझा लाल. पहाटे चार चुली एकदम पेटायच्या, आणि ती एकीकडून दुसरीकडे अशी फिरायची की पाहणाऱ्याला वाटावे, ही बाई मोटेवर बैल हाकते आहे.

तिने स्वतः काय सोडले, हे कोणी विचारले नाही. सुनेच्या सोडण्याने भाव चढतो असे कोणाला वाटले नाही. त्यामुळे घरात उरले ते तिचे. आणि उरले काय? वांगे, लसूण, तूर, ज्वारी आणि मिरची. मंडळी, मी हे फार विचार करून बोलतो. आमच्या घरात तीन वर्षे धड वऱ्हाडी जेवण जेवणारी एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे सगळ्यांचा स्वयंपाक करणारी. परसात गोठ्याजवळ तिने तीन दगडांची पाचवी चूल मांडली. दुपारी सगळ्यांचे झाले की तिथे ती निखाऱ्यावर वांगे भाजी, लसूण-मिरची ठेची, ज्वारीची भाकर थापी आणि तुरीच्या वरणाला वरून फोडणी देई.

तो वास परसापुरता राहिला असता तर मला आज भाषण करावे लागले नसते.

आमच्या गोठ्यात चार बैल आहेत. गुणी बैल आहेत. पण त्या तीन वर्षांत त्यांची जेवढी विचारपूस झाली, तेवढी या तालुक्यात कोणत्याही बैलाची झाली नसेल. ऐन दुपारी, घरातली माणसे लवंडण्याच्या वेळेला, कोणीतरी एकटेच उठून बैलाला वैरण पडली का हे पाहायला परसात जायचे. थोड्या वेळाने ते परत यायचे. मग दुसरे कोणीतरी बैलाच्या खुराला काही लागले का हे पाहायला जायचे. परत येणाऱ्याच्या हाताला कधी लसणाचा वास असे, कधी पदराला भरिताचा डाग असे, कधी मिशीला ज्वारीचे पीठ असे. मी नावे घेणार नाही. नावे घेणे सभेच्या शिष्टाचारात बसत नाही. आणि कडब्याच्या गंजीआड मी त्या वेळी काय करत होतो, हा आजच्या समारंभाचा विषय नाही. एवढेच सांगतो की डोळ्यांत पाणी यायला दर वेळी दुःखच लागते असे नाही.

भाजीवाल्या मैनाबाई एकदा ओसरीवर टोपली उतरवून म्हणाल्या होत्या, "तुमच्या घरी वांगं बंद हाय मंते सारी पेठ. अन् माह्यी टोपली रोज इथंच कशी रिती होते, बाप्पा?" काकू म्हणाल्या की सुनेची भूक मोठी आहे. सून तिथेच उभी होती. तिने टोपलीतून आणखी दोन वांगी घेतली.

हे मी तिच्या स्तुतीसाठी सांगत नाही. आपल्या घरच्या माणसाची चार लोकांत स्तुती करणारा पुरुष हलका दिसतो, हे मला समजते. मी फक्त क्रम सांगतो आहे. प्रत्येकाला वाटत होते की परसात चोरून जाणारा आपण एकटाच, बाकीचे चौघे नियमाने राहत आहेत आणि त्यांच्या पुण्याईवर भाव टिकून आहे. कोण आले, किती खाल्ले, हे सगळे एका माणसाला ठाऊक होते, आणि तिच्या तोंडून तीन वर्षांत एक शब्द बाहेर पडला नाही.

या काळात काकांना पेठेत जो मान मिळाला, तोही आठवायला हवा. वलगावची मंडळी येत आणि विचारत, खुशालराव, भाव कुठवर जाईन? काका सांगत की आमच्या घरचं व्रत चालू हाय तवर फिकीर करू नका. मंडळींनी फिकीर केली नाही. ज्वारीची वावरे मोडून कपाशी लावली, पोरींची लग्ने ठरवली, कोणी बैलांच्या शिंगांना चांदीचे टोप केले. काकांकडे पहिल्या चिकाचा खर्वस येई, पहिल्या वेचणीचा कापूस येई, आणि कुठेही कार्य असले की पहिली पंगत त्यांच्यापासून सुरू होई. चढत्या भावाचे श्रेय आमच्या घराने हातचे राखून घेतले, असे कोणी म्हणू शकणार नाही. पुरेपूर घेतले.

मग यंदाच्या वैशाखात ती बातमी आली. अमेरिकेतले भाऊ लढाई थांबवून पुन्हा एका घरात राहायला लागले. भाव पडला. कसा पडला, हे इथे बसलेल्या कोणालाही मी सांगण्याची गरज नाही. आपल्यातल्या कित्येकांच्या गाठी अजून मुंबईच्या वखारीत ओल धरत पडल्या आहेत, आणि चांदीचे टोप कोणत्याच शिंगावर राहिलेले नाहीत.

ज्या दिवशी बातमी आली, त्या दिवशी आमच्या घरात स्वयंपाकघराची झडती झाली. भाव पडला म्हणजे कोणाचे तरी व्रत मोडले, हे उघड होते. काकू हंड्या पाहत गेल्या, आणि मुगाच्या हंडीला पिवळ्या दोऱ्याऐवजी जांभळा दोरा निघाला. सकाळी घासताना सुटला असेल आणि घाईत दुसरा बांधला गेला असेल. पुरावा सापडला.

त्या दिवशी माजघरात पाच जण बसले होते आणि एक उभी होती. काकू म्हणाल्या, "हिनंच बाटवलं. हिनंच आमचा भाव पाडला." काका म्हणाले, तीन वर्षांचं तप एका पळीनं घालवलं. उत्तमदादा म्हणाले की मुंबईला असे होत नाही. आजी पदराने डोळे पुशीत होत्या, पण त्याही तेच बोलल्या. आणि मी, ज्याने तिच्या बाजूने बोलायला हवे होते, मी माझ्या लाल दोऱ्याच्या ताटाकडे पाहत होतो.

ती काहीच बोलली नाही. आपण समजून घ्यावे, तिला बोलायला किती होते. चार नावे तिच्या जिभेवर होती. पाच म्हणा. मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिला विचारले की तू काहून गप्प राहिली? ती दोर ओढत राहिली. मग म्हणाली,

"सांगतलं असतं तं सारे जन खाली मुंडी घालून बसले असते. मंग दुसऱ्या दिवशी त्याइले जेवाले कोन वाढलं असतं? मीच ना?"

आणि घागर भरल्यावर, डोक्यावर चढवण्याआधी, म्हणाली,

"मले अकोल्याले न्या. तिथं मी एकच हंडी मांडीन."

मंडळी, त्या दिवसापासून घराने असे ठरवले आहे की सुनेच्या हातून भाव पडला, तेव्हा तिनेच तो चढवायचा. तिने इथे राहून वर्षभर अगदी काटेकोर पाच हंड्या सांभाळायच्या, एक दोरा इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, म्हणजे अमेरिकेत पुन्हा काहीतरी घडेल. म्हणून तिने जायचे नाही. मोठ्यांचा निर्णय मी शिरसावंद्य मानतो. मला त्यात फक्त एक हिशेबाची अडचण दिसते, आणि ती अध्यक्षांपुढे ठेवण्याची परवानगी मागतो.

परवानगी आहे, अशी खूण अध्यक्षांनी केली. आभारी आहे. खुर्ची सांभाळावी.

अडचण अशी. पेठेतला भाव काही आमच्या घरापुरता पडला नाही. महादेवरावांचा पडला, वलगावच्या प्रत्येक वावराचा पडला. हे सगळे जर आमच्या स्वयंपाकघरातल्या एका पळीने झाले असेल, तर आपल्या सर्वांचे नुकसान आमच्या घरामुळे झाले. मग ते भरून कोणी द्यायचे? पळी काकांच्या घरची. हंडी काकांच्या घरची. सून काकांच्या घरची. चढत्या भावाचा खर्वस ज्या घराने खाल्ला, त्या घराने पडत्या भावाची भरपाई द्यावी, असे कोणी म्हटले तर मी तोल लिहिणारा माणूस, मला ते खोडता येणार नाही. मी पाहतो आहे, मागच्या अंगाला दोघेतिघे आत्ताच सरसावून बसले. आपण बसूनच राहावे. माझे बोलणे संपायचे आहे.

काका काही म्हणत आहेत. मागच्यांना ऐकू गेले नसेल, म्हणून मी मोठ्याने पुन्हा सांगतो. काका म्हणाले, "भगवंता, येडा झाला काय? भाव काय सुनंच्या पळीनं पडते? तो तं तिकडं समुद्रापार पडला."

अध्यक्षांनी हे ऐकले. वलगावच्या मंडळींनी ऐकले. दारामागेही ऐकू गेले असावे, कारण बांगड्या थांबल्या आहेत. तेव्हा सभेपुढे ठरले असे की या घरच्या सुनेने भाव पाडलेला नाही. तिच्यावर सहा महिने जो ठपका होता तो काकांनी स्वतःच्या तोंडाने काढला. त्यांचे मन मोठे आहे, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आणि जिने भाव पाडला नाही, तिला तो चढवण्यासाठी इथे ठेवण्याचे कारण उरत नाही. म्हणून मी आता मागतो. काका, मला घड्याळ नको, छत्री नको. खोंड तर मुळीच नको, त्याची विचारपूस करायला अकोल्याला माणसे नाहीत. माझ्या घरच्या माणसाला माझ्याबरोबर पाठवा. मी वेगळी चूल मागतो आहे असे समजू नका. त्यावरून एकदा लढाई झाली आहे आणि तिचा शेवट आपण पाहिला. चूल आपलीच. फक्त अकोल्यात, आणि तिच्यावर एक हंडी.

मी थांबतो. काकांनी विचार करावा.

काका अजून विचार करत आहेत.

माजघरातून आजींचा आवाज आला. मी तो सभेला सांगणार नव्हतो, पण हशा झाला म्हणजे तो पोचलाच आहे. आजींनी विचारले, "जाऊ द्या तिले, पन मंग माह्यं भरीत कोन भाजीन?"

मंडळी, हसू नये. वडीलधाऱ्या माणसाच्या प्रश्नाला हसू नये. उत्तमदादा, तुम्ही तर मुळीच हसू नये. अध्यक्षमहाराज, सभा शांत करावी.

काकाही हसत आहेत. काकांना हसताना मी वैशाखानंतर प्रथमच पाहतो आहे. त्यांनी हात असा केला. हा हात "जा" असा आहे की "बस" असा, हे अध्यक्षांनी सांगावे. अध्यक्ष म्हणतात, "जा." काका मान हलवत आहेत. उभी मान हलवत आहेत, आडवी नाही. सभा साक्षी आहे.

माझ्याने आता कागदावरचे वाचवत नाही. पाठ केले तेवढे बोलतो.

आपण सर्व जण सुगी सोडून आलात, त्याबद्दल आभार. अध्यक्षांनी आखूड पायाच्या खुर्चीत मान राखून बसण्याचे जे कष्ट घेतले, त्याबद्दल त्यांचे आभार. काकांनी मला वाढवले, लिहायला शिकू दिले आणि आज दिलेला शब्द पाळला, याचे आभार शब्दांत मावत नाहीत. काकू, माझ्या बोलण्यात तुमचे नाव दोन-तीनदा आले. राग मानू नका, डाळ तुमच्याच पद्धतीने शिजत राहील अशी व्यवस्था करून जात आहोत. आत्तापर्यंतच्या बोलण्यात कोणाला काही लागले असेल, कोणाच्या बैलाचा उल्लेख अस्थानी झाला असेल, तर धाकट्याचे बोलणे म्हणून पोटात घालावे. आपल्या पोटांना सवय आहे.

हिशेब सांगून बसतो. हार आणि नारळ, एक रुपया दोन आणे. पानसुपारी, चौदा आणे. हे दोन रुपये दिले. गाडीवान पुंजारामाची दमणी, पाच रुपये, पैकी तीन आगाऊ दिले. मी एकटा असतो तर कापसाच्या गाडीवर बसून फुकट गेलो असतो. छप्पर असलेली दमणी मी परवाच ठरवून ठेवली होती, याबद्दलही माफी असावी. आजवर एकूण दिले पाच रुपये. देणे राहिले ते असे: पुंजारामाचे दोन रुपये, अकोल्याला उतरल्यावर. आणि आजींचे तीन चंपाषष्ठ्यांचे भरीत. त्यातले एक उद्या सकाळी, दमणी जुंपण्याआधी, स्वयंपाकघरातल्या मोठ्या चुलीवर, सर्वांसमोर. वांगी मैनाबाईंना मघाशीच सांगितली आहेत, पाच माणसांची.